त्रिकोणाला ‘स्क्वेअर’ का म्हणतात?

माझी भाची यंदा सातवीला आहे, सेमी इंग्रजीत. म्हणजे इतिहास-भूगोल मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून. परवा कंपासपेटी उघडून बसली होती. तिने त्यातले दोन पारदर्शक प्लॅस्टिकचे त्रिकोण काढले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवले.

‘मामा, यांना सेट स्क्वेअर म्हणतात. बरोबर?’

‘हो.’

‘स्क्वेअर म्हणजे चौरस. बरोबर?’

‘हो.’

‘मग यात चौरस कुठाय?’

मी वेळ मारून नेली. म्हटलं, ४५-४५-९० वाला घे, मैत्रिणीच्या पेटीतला तसलाच आणून त्याला जोड, झाला चौरस. दुसऱ्या दिवशी तिने खरंच जोडून पाहिलं आणि शाळेतून आल्याआल्या बजावलं, ‘पण ३०-६०-९० वाले दोन जोडले की आयत होतो. मग त्याला सेट रेक्टँगल म्हणायला पाहिजे.’ मुद्दा बिनतोड होता.

मला उत्तर सुचलं ते त्या वस्तूचं मराठी नाव आठवल्यावर. आम्ही मराठी शाळेत तिला ‘गुण्या’ म्हणायचो. गुण्या हे मूळचं सुताराचं आणि गवंड्याचं हत्यार. एक जाड दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. इंग्रजीत ‘स्क्वेअर’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ नेमका हाच आहे. तेराव्या शतकात हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत शिरला तो हत्यार घेऊन. चार सारख्या बाजूंची आकृती मागाहून आली. त्यामुळे सेट स्क्वेअर म्हणजे चौरस नव्हे, ते गुण्ये. दोन्ही त्रिकोणांत एकेक काटकोन आहे, एवढ्यावरच ते ‘स्क्वेअर’ ठरतात.

एकदा हे डोक्यात बसलं की ‘स्क्वेअर’चे जे अर्थ आपल्याला इकडेतिकडे विखुरलेले वाटतात, त्यांतले निम्मेअधिक एका रांगेत येऊन उभे राहतात. स्क्वेअर म्हटलं की चौरस पाहायचा नाही, कोपरा पाहायचा.

कोपरा कसा पाहतात हे मला आमच्या सुतारकाकांनी दाखवलं होतं. स्वयंपाकघराचं दार बदलायचं होतं. त्यांनी जुन्या चौकटीच्या कोपऱ्यात गुण्या टेकवला आणि मला वाकून बघायला लावलं. पातं वर लाकडाला चिकटलेलं होतं, पण खाली यावं तशी फट रुंद होत गेली होती आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. ‘चौकट गुण्यात नाही. दार कितीही तासा, अडकणारच,’ ते म्हणाले. मग मी शहाणपणा केला, ‘काका, पण तुमचाच गुण्या चुकीचा असेल तर?’ ते चिडले नाहीत. प्लायवूडच्या सरळ कडेला दांडा टेकवून त्यांनी पात्यालगत पेन्सिलीने रेघ मारली. गुण्या उलटा केला, त्याच जागी टेकवून पुन्हा रेघ मारली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. गुण्या अर्धा अंश जरी चुकला असता तरी रेघा वर जाताजाता एकमेकींपासून दूर गेल्या असत्या, आणि त्याही दुप्पट चुकीने. हत्याराची परीक्षा त्याच हत्याराने घ्यायची ही युक्ती मला अजून आवडते.

मोठ्या कामात, म्हणजे घराच्या पायाची आखणी करताना, हातभर गुण्या पुरत नाही. मग गवंडी दोरी आणि टेप काढतात. एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खुणा करायच्या आणि त्या खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवायची. आलं की कोपरा काटकोनात. खोली चारही बाजूंनी नीट आहे का हे पाहायला दोन्ही कर्ण मोजतात. सारखे भरले की काम फत्ते. हातात गुण्या नाही, पण जे साधलं ते गुण्याचंच.

जाता जाता एक. लॅटिनमध्ये सुताराच्या गुण्याला ‘नॉर्मा’ म्हणत. त्यावरून आला ‘नॉर्मल’, म्हणजे गुण्यात बसणारा. भूमितीत आणि भौतिकशास्त्रात ‘नॉर्मल’ म्हणजे आजही लंब, ९० अंशांतली रेषा. डॉक्टर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणतात तेव्हा तेही एका परीने तुमच्या रक्ताला गुण्या लावूनच बोलत असतात.

आता मैदानावर या. स्क्वेअर लेगला चौरस काय आहे? काहीच नाही. फलंदाज क्रीझमध्ये उभा आहे. त्याच्यापासून खेळपट्टीच्या लांबीला काटकोन करून लेगच्या बाजूला रेघ ओढा, तिच्यावर उभा असेल तो स्क्वेअर लेगचा क्षेत्ररक्षक. त्याच रेघेच्या आसपास दुसरा पंच उभा राहतो, तो उगाच नाही. क्रीझची रेघ खेळपट्टीला आडवी आखलेली असते. ती वाढवत नेली की पंचाच्या पायाशी येते. म्हणून बॅट रेघेच्या आत टेकली की बाहेर राहिली हे त्यालाच धडपणे दिसतं. मुख्य पंचाला त्या टोकाचं तेवढं बारीक दिसणं अवघड. धावबाद आणि यष्टिचीतचे निर्णय त्याच्याकडे असतात ते या गुण्यामुळे. स्क्वेअर कट तोच काटकोन ऑफला, पॉइंटच्या दिशेने. गुंडप्पा विश्वनाथचा कट पाहिलेली पिढी त्याच्याबद्दल अजून ज्या आवाजात बोलते, तो आवाज लिहून दाखवता येत नाही. फुटबॉलमधला स्क्वेअर पास तसाच: गोलकडे नाही, मागे नाही, आडवा.

जुन्या शिडाच्या जहाजांना ‘स्क्वेअर रिग’ म्हणतात तेव्हाही शिडं चौरस असतात असं नव्हे. शीड ज्या आडव्या काठीला बांधलेलं असतं ती जहाजाच्या लांबीला काटकोनात असते, एवढंच.

काटकोनावरून सचोटीकडे जायला इंग्रजीला फार वेळ लागला नाही. गुण्यात बसलेला व्यवहार तो ‘स्क्वेअर डील’. थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी आपल्या देशांतर्गत धोरणालाच हे नाव दिलं होतं. ‘फेअर अँड स्क्वेअर’ही त्यातलंच. फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या चिन्हात कंपासबरोबर गुण्या असतो, तोही सचोटीची खूण म्हणूनच. आपल्याकडे हे काम ‘सरळ’ या शब्दाने केलं. माणूस सरळ, व्यवहार सरळ. उलट बाजूला वाकडा आणि तिरका. आपण पट्टी लावली, त्यांनी गुण्या लावला.

सचोटीच्या व्यवहारातून पुढे आला चुकता हिशेब. तुझं माझं काही देणं नाही, ‘वी आर स्क्वेअर’. कसोटी मालिका १-१ झाली की इंग्रजी पेपर लिहितात, भारताने मालिका ‘स्क्वेअर’ केली. आणि याच फांदीवर आपल्या शेअर बाजारवाल्यांचा लाडका शब्द लटकला आहे: स्क्वेअर ऑफ. सकाळी इंट्राडेमध्ये १०० शेअर घेतले, तर त्याच दिवशी १०० विकून पाटी कोरी करायची. बाजार साडेतीनला बंद होतो. तोवर तुम्ही केलं नाहीत तर त्याआधीच ब्रोकरची यंत्रणा ते तुमच्या वतीने करून टाकते, भाव बरा असो की वाईट.

गंमत अशी की अमेरिकेत ‘स्क्वेअर ऑफ’ म्हणजे जवळजवळ उलटं. दोन मुष्टियोद्धे अंग ताठ करून, खांदे बरोबर समोरच्याच्या रोखाने वळवून उभे राहतात ते स्क्वेअर ऑफ. म्हणजे भांडण मिटलं नाही, आता सुरू होणार. माझा एक मित्र दिवसभर ट्रेडिंग करतो. दोन संघ अंतिम सामन्यात ‘स्क्वेअर ऑफ’ करणार अशी इंग्रजी बातमी वाचून त्याला क्षणभर वाटलं, न खेळताच मिटवलं की काय.

आता दुसरी फांदी. ‘स्क्वेअर’च्या मुळाशी लॅटिन ‘क्वाड्रा’ आहे आणि त्याच्या मुळाशी ‘क्वात्तुओर’, म्हणजे चार. लॅटिन क्वात्तुओर आणि संस्कृत चतुर् ही एकाच घराण्यातली भावंडं. आपल्याकडे चतुष्कचा झाला चौक आणि चतुरस्रचा झाला चौरस. चौक हे ‘स्क्वेअर’चं भाषांतर म्हणून आपण वापरतो, पण नात्याने ते चुलतभाऊ निघतात.

माझं बालपण नागपुरात गेलं, त्यामुळे मला हे नातं कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पुण्यात इंग्रजी पाटीवरही ‘चौक’च लिहितात. नागपुरात इंग्रजीत लिहायचं झालं की चौकाचा ‘स्क्वेअर’ होतो. मेट्रोची स्टेशनंसुद्धा छत्रपती स्क्वेअर, शंकर नगर स्क्वेअर, झांसी राणी स्क्वेअर. लंडनहून आलेला माणूस नागपुरात ‘स्क्वेअर’ ऐकून मध्ये बाग, बाग पाहत बसलेली म्हातारी माणसं आणि भोवती घरांची रांग शोधेल. त्याला सापडेल सिग्नल, चार रस्ते आणि तर्री-पोह्यांची गाडी. आपल्याकडे त्याच्या ‘स्क्वेअर’च्या सर्वांत जवळ जाणारी जागा रस्त्यावर नाहीच, ती जुन्या वाड्यात आहे. चार बाजूंना सोपे आणि मधे उघडं आकाश, तो वाड्याचा चौक.

शहरातल्या स्क्वेअरनी आकाराची फिकीर फारशी केलेली नाही. मॉस्कोचा रेड स्क्वेअर हा लांबट आयत आहे. कैरोचा तहरीर स्क्वेअर, जिथे २०११ मध्ये लाखो लोक जमले, तो मुळात वाहतुकीचं मोठं गोल वर्तुळ. अरबीत त्याला ‘मीदान’ म्हणतात, आपल्या ‘मैदान’चाच सख्खा. आणि न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर (१९०४ पर्यंत त्याचं नाव लाँगएकर स्क्वेअर होतं) तिथे ब्रॉडवे हा रस्ता सातव्या ॲव्हेन्यूला तिरका कापून जातो, त्यामुळे तयार होतात टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे तोही सेट स्क्वेअर.’

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र बेफिकिरी परवडत नाही. इंग्रजीत ‘सहा स्क्वेअर फीट’ आणि ‘सहा फीट स्क्वेअर’ यांत नुसती शब्दांची अदलाबदल नाही. पहिलं म्हणजे सहा चौरस फूट. दुसरं म्हणजे सहा बाय सहा, छत्तीस चौरस फूट. मी हे पैसे भरून शिकलो. ऑनलाइन सतरंजी मागवली, पानावर लिहिलं होतं सहा स्क्वेअर फीट. मी मनात सहा बाय सहा धरलं आणि इतक्या स्वस्तात मिळतेय म्हणून स्वतःवर खूश झालो. आली ती तीन बाय दोन. आता मांजर वापरते. मराठीत ‘सहा बाय सहा’ आणि ‘सहा चौरस फूट’ अशी दोन वेगळी वळणं आहेत म्हणून घोटाळा कमी होतो. तरी ‘शंभर वाराचा प्लॉट’ म्हणताना आपण ‘चौरस’ सरळ गिळून टाकतो आणि समोरचाही बिनबोभाट समजून घेतो.

गुंठ्याचं उदाहरण तर फारच देखणं आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हा असा वाकडा आकडा कुठून आला? ३३ गुणिले ३३. म्हणजे गुंठा हा ३३ फूट बाजूचा नीटस चौरस आहे. आपल्याकडच्या जुन्या मोजणीतली शंकू साखळी ३३ फुटांची असे. त्या साखळीचा वर्ग तो गुंठा. इंग्रजांची साखळी याच्या दुप्पट, ६६ फूट. एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये ती रूढ केली. आणि ६६ फूट म्हणजे २२ यार्ड, म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी, या टोकाच्या स्टंपपासून त्या टोकाच्या स्टंपपर्यंत. तेव्हा गुंठा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर अर्धी खेळपट्टी घ्या आणि तेवढ्या बाजूचा चौरस आखा. असे चाळीस ठेवले की एकर.

गणितात ‘फाइव्ह स्क्वेअर’ म्हणजे पंचवीस का, हे मुलांना सूत्रापेक्षा चिंचोके मांडून लवकर कळतं. पाच ओळी, प्रत्येकीत पाच. चौरस तयार, मोजा. मराठीत आपण याला ‘वर्ग’ म्हणतो आणि पाचाचा वर्ग नि पाचवीचा वर्ग यांच्यात अडकून पडतो. पण ‘वर्ग’ हा इंग्रजी पाहून बेतलेला शब्द नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात ‘वर्गः समचतुरश्रः’ असं स्वच्छ म्हटलं आहे: वर्ग म्हणजे सारख्या बाजूंची चौकोनी आकृती, आणि तेच नाव दोन सारख्या संख्यांच्या गुणाकारालाही. इंग्रजीत ‘स्क्वेअर’ने जी उडी मारली ती संस्कृतात ‘वर्ग’ने आधीच मारली होती. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर या वर्गांशी आयुष्यभर खेळले. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

‘स्क्वेअरिंग द सर्कल’ हा वाक्प्रचारही गणितातूनच आला. दिलेल्या वर्तुळाएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस, फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढायचा. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत वेदी बांधण्यासाठी याची रीत दिली आहे, पण ती अंदाजाची. वीट रचायला पुरेशी. तंतोतंत उत्तरासाठी युरोपात लोक शतकानुशतकं झुरले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे इतकी ‘उत्तरं’ यायला लागली की १७७५ मध्ये त्यांनी ती तपासणंच बंद केलं. शेवटी १८८२ मध्ये जर्मन गणिती लिंडेमान यांनी पाय (π) या संख्येच्या स्वभावातच खोट आहे, हे जमणारच नाही, असं सिद्ध केलं. म्हणून इंग्रजीत अशक्य गोष्टीला हा वाक्प्रचार.

‘स्क्वेअर’चे नातेवाईक आपल्या बोलण्यात वेश बदलून फिरतात तेही पाहून घ्या. क्रिकेटचा ‘स्क्वाड’ आणि हवाई दलाची ‘स्क्वाड्रन’ आल्या चौकोनी रांगेत उभ्या राहणाऱ्या सैन्यावरून. सनदी अधिकाऱ्यांचं ‘केडर’ म्हणजे मुळात चौकट. खडीची ‘क्वारी’ म्हणजे दगड चौकोनी घडवायची जागा. डोंगर पोखरून खडीच काढायची म्हटल्यावर त्यात आता चौकोनी काही उरलेलं नाही.

राहिलं जेवण. ‘स्क्वेअर मील’ म्हणजे पोटभर, धड जेवण. जहाजावर खलाशांना चौकोनी ताटल्या असत, त्यावरून हा शब्द आला अशी कथा फिरते. कथा छान आहे, आधार नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हा शब्द रुळला तो ‘सचोटीचं, फसवणूक नसलेलं’ याच अर्थाने: पैसे घेतले तेवढं पानात वाढलं. मराठीत आपण त्याचा ‘चौरस आहार’ केला आणि अर्थ थोडा सरकवला. आता त्यात पोळी, भाजी, वरण, भात असे चार कोपरे दिसू लागतात.

आणि माणूस. इथे मात्र दोन भाषांनी एकमेकींकडे पाठ फिरवली आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या जॅझवाल्यांनी ज्याला नव्या संगीताची चव नाही, जो चाकोरी सोडत नाही अशा माणसाला ‘स्क्वेअर’ म्हणायला सुरुवात केली. गुण्यात बसणं हा गुण होता, त्याचा दोष झाला. तोच शब्द संस्कृत वळणाने मराठीत आला की कौतुक होतो: चतुरस्र. चतुरस्र लेखक, चतुरस्र कलावंत. म्हणजे एकांगी नसलेला, ज्याच्या बुद्धीला चारही दिशांना कोपरे आहेत. तबलजी चतुस्र जाती म्हणतात तोही यातलाच शब्द, चाराच्या हिशेबाचा. म्हणजे एखाद्याला इंग्रजीत स्क्वेअर म्हटलं तर तो रागावेल आणि मराठीत चतुरस्र म्हटलं तर शाल-श्रीफळाची वाट पाहील.

फक्त लिहिताना सांभाळायचं. अस्र म्हणजे कोपरा, त्यात ‘त’ नाही. ‘चतुरस्त्र’ लिहिलं की चार अस्त्रं हातात येतात. आमच्या चौकात सध्या एका नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आहे, सिग्नलचा खांब झाकून. वर मोठ्या अक्षरांत ‘चतुरस्त्र व्यक्तिमत्त्व’. भाचीला मी चूक दाखवली. तिने फ्लेक्सवरचा फोटो पाहिला, मागे उभे असलेले दहा-बारा कार्यकर्ते पाहिले आणि म्हणाली, ‘मामा, राहू दे. यांच्या बाबतीत बरोबर असेल.’